सारजाआत्या रुमालाखाली हात घालते

सर्व लहानथोर मंडळींनी पागोटी सरळ करून बसावे आणि हसू आवरून धरावे. मी जे सांगणार आहे ते अत्यंत गंभीर आहे. एवढं होऊनही वऱ्हाड जागच्या जागी राहिलं, ही दैवाचीच कृपा म्हणायची. तर घडलं असं की अमरावतीच्या कापूसबाजारात, भर दुपारी, झाडून साऱ्या दलालांच्या देखत, एका बाईने कापसाचा भाव तोंडाने सांगितला.

हसलात ना? म्हणजे तुम्हाला त्या बाजाराची रीत ठाऊक नाही.

आमच्या बाजारात भाव बोलायचा नसे, दाबायचा असे. दलाल आपल्या हातावर रुमाल टाकी, शेतकरी त्या रुमालाखाली हात घाली, आणि मग आत बोटांची झोंबाझोंबी चाले. एक बोट धरलं की अमुक, दोन धरली की तमुक, पंजा आवळला की त्याहून वर. वर मात्र दोघांचे चेहरे देवळातल्यासारखे. दोघेही आभाळाकडे बघत. "औंदा थंडी लवकर पडली नाई?" "हो ना बाप्पा." आणि खाली दलालाचं बोट शेतकऱ्याच्या करंगळीवर बसलेलं. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला सौदा कितीत झाला ते कळत नसे. एकाच बांधावरचे दोन भाऊ एकच कापूस दोन भावांनी विकून येत आणि आपणच शेठला गंडवला या आनंदात दोघेही गाढ झोपत. रुमाल वर निघाला, कपाळाला लागला, की सौदा पक्का. त्याला 'हात सुटला' म्हणत. सुटलेला हात पुन्हा धरता येत नसे. जो सौदा मोडी त्याला बाजारात पुन्हा कोणी हात देत नसे.

त्या वर्षांत तर या रुमालाखाली सोनं पिकत होतं. सातासमुद्रापार अमेरिकेत भाऊबंदकी पेटली होती. तिकडचा कापूस तिकडेच अडकला आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीची आठवण झाली. भाव चढला तो असा, की लोकांना पैसा कुठे ठेवावा हे कळेना, म्हणून ते तो अंगावर ठेवू लागले. एकाने बाळापूरहून इतकं लांब पागोटं आणलं की ते बांधायला घरचे सारे लागत. नांदगाव पेठच्या एका गृहस्थाने मोठं घड्याळ घेतलं आणि अंगणातल्या निंबाला टांगलं. घरात कोणालाच ते वाचता येत नव्हतं. त्याच्या खाली बैल बांधत, ते मात्र वेळेवर वैरण मागत.

मी त्या वेळी बळीरामशेठच्या पेढीवर मुनीम होतो. शेठ म्हणजे या भरतीच्या पाण्यावर वर आलेला मासा. चांदीच्या मुठीची काठी, रेशमी छत्री, आणि ऊन नसलं तरी ती उघडलेली. अशा आमच्या पेढीसमोर एके दिवशी सरकी काढलेल्या रुईच्या बोज्यांनी भरलेल्या बंड्या येऊन थांबल्या आणि पुढच्या बंडीवरून सारजाआत्या उतरली.

उंच, हाडापेराने दणकट. काळसर निळं, बिनकाठाचं लुगडं. अंगावर धातूचा कण नाही. ही अंजनगाव सुर्जीच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चिंचझरी गावची. तिथली सारी वस्ती महानुभाव पंथाची. साधं खाणारी, साधं नेसणारी, मांसमद्याला न शिवणारी, कोणाला न मारणारी माणसं. देवळात मूर्ती नाही, शेताला बकरा नाही, भेटेल त्याला दंडवत. बाजारात त्यांना मानभाव म्हणत आणि त्यांची थट्टा करण्याची टूमच होती. 'बोलणी मानभावाची, करणी कसाबाची' ही म्हण प्रत्येक दलालाच्या ओठावर. सारजाआत्येला भेटल्यावर मला कळलं की म्हण करणाऱ्याने माणसं उलटी बघितली. तिची करणी शुद्ध मानभावाची होती. कसाबाची काय असेल ती बोलणी.

आमचा दलाल सवयीने हातावर रुमाल टाकून पुढे झाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की समोर बाई आहे. परक्या बाईचा हात धरायचा, तोही भर बाजारात, तोही फडक्याखाली? तो रुमालासकट थिजला.

आत्याने त्या झाकल्या हाताकडे काळजीने बघितलं.

"हात काहून झाकून ठुला गा? खरूज झाली काय?"

"नाही बाई, हा भाव..."

"भाव होय? मंग सांग ना तोंडानं." आणि तिने आपला भाव सांगितला. शेत राखणाऱ्या बाईचा आवाज तो, पिकावरची पाखरं उडवून तयार झालेला. पार टोकाच्या बंडीवाल्यापर्यंत गेला. दलाल पुटपुटत खाली उतरू लागला, तसं तिने हात जोडले, "दंडवत," म्हणाली आणि बैलांकडे वळली. घासाघीस हा प्रकार तिला येतच नव्हता. रुई मात्र अशी होती, की ओंजळीत घेतली तर हात रिकामा वाटावा. एक सरकी नाही, एक काडी नाही. तिच्याच भावाने घ्यावी लागली.

आणि मग बाजारात कधी नव्हे ती गोष्ट झाली. आजूबाजूचे शेतकरी आपापल्या दलालांकडे वळून म्हणू लागले, "तिले तेवढा, अन् मले काहून एवढा?"

बाईने हंगामभर हाच उद्योग केला. दर खेपेला दलाल येऊन शेठच्या पायरीवर बसत आणि रडत.

तिला मी एकदा अकोल्याला बघितलं. आगगाडी नुकतीच तिथवर आली होती आणि लोक ती बघायला बंड्या जुंपून येत. कोणी नारळ फोडी, कोणी इंजिनाला हळदकुंकू वाही. आत्या एकटीच हात मागे बांधून, बाजारात म्हैस पारखावी तशी, इंजिनाभोवती फिरत होती. इंजिनात पाणी भरणं चालू होतं. ती थबकली. त्यांच्या पंथात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, बारीक जीव पोटात जाऊ नये म्हणून.

"याले पानी गाळून पाजता ना?" तिने पाणी भरणाऱ्या खलाशाला विचारलं.

"बुढीमाई, ये तो राक्षस है. सब पी जाता है."

"राक्षस असन. पान्यातल्या जिवायनं त्याचं काय केलं?" आणि तिने कमरेचं स्वच्छ फडकं काढून त्याच्या हातात दिलं. "बांधजो याच्या तोंडाले." खलाशी हसत होता. ती हसत नव्हती. ती तिथे उभी राहिली, शेवटी त्या बिचाऱ्याने फडकं नळाच्या तोंडाला धरलं, तेव्हा "दंडवत भाऊ," म्हणून निघाली. दंडवत सगळ्यांना सारखं. खलाशाला जेवढं वाकून, तेवढंच तहसीलदाराला. तहसीलदाराला हे आवडलं नसल्याचं मी ऐकून आहे.

आता शेठची गोष्ट. बडनेऱ्याजवळ वाफेवर चालणारा मोठा रेचा उभा राहत होता. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. आमच्याकडे तो घरोघर बायका हाताने फिरवत. वाफेच्या रेच्यात शेठची पाती, म्हणजे भागीदारी, होती आणि त्या यंत्राची भूक काही औरच. त्याला कच्चा, सरकीसकट कापूस हवा होता, ढिगांनी. आणि चिंचझरीहून कापूस कधीच येत नसे, रुईच येई. तेव्हा शेठने ठरवलं, की एका दगडात दोन पक्षी मारायचे. (चिंचझरीत हे बोलायची सोय नव्हती.) बाईला बाजारात येऊच द्यायचं नाही. आपणच तिच्या गावी जायचं, सगळा कापूस कच्चा उचलायचा, आणि सौदा रीतीप्रमाणे रुमालाखाली करायचा. बाईचा हात धरायला बाईच न्यायची.

म्हणून आमच्या छकड्यात शेठच्या जोडीला गोदाबाई, म्हणजे शेठाणी, बसल्या. मनगटापासून कोपरापर्यंत सोनं. तोंडातून शब्द नाही. वाटभर शेठ त्यांच्या बोटांना शाळा शिकवत होता.

"ध्यानात ठेव. कापसाले पंजा धरजो. रुईले एक बोट. पुन्हा सांग."

"कापसाले पंजा. रुईले एक बोट," गोदाबाई छकड्याच्या बांबूच्या तट्ट्याकडे बघत म्हणाल्या.

चिंचझरी बघायला लोक त्या वेळी हौसेने जात. काळ्या लुगड्यांचं गाव, न भांडणाऱ्या माणसांचं गाव. आम्हीही ऐटीत शिरलो. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं, गळ्यात घुंगरं. पण गावात कोणी आम्हाला बघायला आलंच नाही. बघायला आलेल्यांना कोणी बघू नये, यासारखा अपमान नाही. एक म्हातारा समोरून आला, त्याने आधी आमच्या गाडीवानाला दंडवत घातलं, कारण तो जवळ होता, मग मला, मग शेठला. शेठने छत्री मिटली.

आत्या आली ती सरळ डाव्या बैलाकडे. खाली बसली, त्याचा पाय उचलला, नखाने काहीतरी उपसलं आणि शेठच्या तळहातावर ठेवलं.

"घ्या. शिंगाले चांदी, अन् खुरात काटा."

एवढंच स्वागत. मग जेवण. एकच ओळ, त्यात शेठ, गाडीवान, मी, गावातले आणि रेच्यावर काम करणाऱ्या बायकाही. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. बैठकीत पहिला पाट, दुसरा पाट असं काही नाही.

जेवल्यावर आम्ही मोठ्या अंगणात बसलो आणि तिथे मला कळलं, की या सौद्यात पणाला काय लागलं होतं. अंगणात रेचे मांडलेले. त्यांच्यावर बसलेल्या बायका या गावच्या नव्हेत. कोणाचा नवरा मेलेला, कोणाचा पळालेला, कोणी दुष्काळात हरवलेली. आत्येचा एक नेम होता. गावात बाई आली की तिला जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. भाकर द्यायची आणि दुसऱ्या दिवशी रेचा द्यायचा. कापसातून सरकी काढून जी मजुरी निघे, त्यावर या बायका कोणाच्या उपकाराशिवाय राहत. कापूस कच्चा गेला की रेचे थांबणार. रेचे थांबले की या बायका पुन्हा वाटेला लागणार. आत्याला ते दिसत होतं, त्या बायकांनाही. म्हणून रेच्यांची किरकिर चालू असली तरी एकीचीही नजर कामावर नव्हती.

पण आत्येच्या विरुद्ध होता तिचाच भाचा, देवराव. माणूस वाईट नव्हता. गावचा कारभार बघायचा.

"आत्या, रेच्यावर सरकी काढत बसलो तं होळी येईन. भाव आज हाय, उद्या नसन. कच्चा देऊन मोकळं होऊ ना."

"अन् ह्या कुठं मोकळ्या होतीन?"

"त्याहीचं पाहू काहीतरी."

"काहीतरी म्हंजे काहीच नाई, देवा. म्या उन्हाळे पायले हायेत."

शेवटी गावाने एक ठरवलं, आणि शेठला हवं होतं तेच ठरलं. रुमालाखाली दोन्ही सौदे होऊ द्यावेत, कापसाचा आणि रुईचाही. ज्याचा भाव चढेल ते द्यायचं. आत्याने मान डोलावली. गावाने म्हटलं म्हणजे म्हटलं, तिथे तिची बोलणी चालत नसे. शेठने मिशीवरून बोट फिरवलं. पंजा आणि एक बोट. निकाल लागलेलाच होता.

अकोल्याची सतरंजी अंथरली. दोघी समोरासमोर बसल्या. शेठने स्वतःचा रेशमी रुमाल गोदाबाईंच्या हातावर टाकला. आत्याने लुगड्याला हात पुसला आणि खाली घातला. सगळे आभाळाकडे बघू लागले. तशी रीतच.

"माय वं! हात केवढा थंडा पडला तुहा! नीट जेवली का नाई?"

"आत्याबाई," शेठ घाईने म्हणाला, "सौद्यात बोलत नसतेत."

"सौदा बोटं करून राहिले. मी हिच्यासंगं बोलून राहिली. तोंडाले कोनं बांधलं?"

रुमाल थोडा हलला. आणि मग आत्येच्या कपाळाला आठी पडली. अंधारात हरवलेली वस्तू चाचपावी तशी ती रुमालाखाली चाचपत होती.

"हे काय वं? आंगठ्याच्या बुडाले घट्टा. बाई, हा तं रेच्याचा घट्टा हाय!"

अंगणातले रेचे एकामागून एक थांबले. शेठला असा खोकला आला, की झाडावरचे कावळे उडाले. "मुनीमजी, पानी!" मी पाणी दिलं. मी पेढीवर आलो तेव्हा शेठ शेठच होता, त्याआधी तो काय होता हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आता गोदाबाई सांगत होत्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज नीट ऐकला, तो असा घोगरा आणि मोकळा असेल हे वाटलं नव्हतं.

"लगन होऊन आली तवापासून फिरवला, आत्याबाई. याहीचं मीठमिरचीचं दुकान माह्या रेच्यावर उभं रायलं."

"मंग आता?"

"आता म्हंतेत, लोकाइले हात दिसाले नाई पायजे."

आत्याने एकदा त्या बायकांकडे बघितलं, पुन्हा गोदाबाईंकडे. रुमालाखाली काय झालं ते मला माहीत नाही. कोणालाच नाही. ती रुमालाची रीतच आहे आणि त्या दिवशी ती रीत मला पहिल्यांदा बरी वाटली. एक सौदा झाला. हात सैल पडले. मग दुसरा झाला. तो लांबला. मग गोदाबाईंनी रुमाल उचलला, कपाळाला लावला आणि उठून उभ्या राहिल्या.

"कितीत तोडलं?" शेठने विचारलं.

"कापसाले एक बोट," त्या म्हणाल्या. "रुईले पंजा."

"उलटं! अवं, उलटं झालं!"

"उलटं कसं होईन?" आत्या म्हणाली. "बोटं तं सुलटे होते."

शेठ देवरावाकडे वळला. देवराव खाली मान घालून हसू दाबत होता. "गावानं म्हटलं होतं, चढन त्याचा सौदा. रुई चढली, शेठ." शेठने गाडीवानाकडे बघितलं. गाडीवान बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "मालक, हात सुटला." त्याला जे कळत होतं ते शेठला जास्त कळत होतं. हा सौदा मोडला असता तर बातमी संध्याकाळपर्यंत अंजनगावला, दुसऱ्या दिवशी अमरावतीला. शेवटी त्याने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

पुढची हकीकत थोडक्यात. अमेरिकेतली भाऊबंदकी मिटली, भाव आला तसा गेला, निंबावरचं घड्याळ विकलं गेलं. मीही पेढी सोडली. चिंचझरीला पुन्हा जाणं झालं नाही, सारजाआत्याही पुन्हा दिसली नाही. म्हणून ती मला दिसते ती त्या दुपारचीच.

छकडा जुंपून उभा होता. शेठ छत्री घेऊन वाट बघत होता, पण गोदाबाई छकड्याकडे आल्या नाहीत. त्या अंगणातल्या एका रेच्याकडे गेल्या. तिथल्या बाईने जागा दिली. त्यांनी हातातलं सोनं रेटत कोपरावर नेलं, पदर खोचला आणि दांडा धरला. आत्या समोर बसली आणि कापूस रेच्याच्या फिरत्या रुळांमध्ये देऊ लागली. ना आमच्याकडे बघितलं, ना दंडवत. तिचं सगळं लक्ष गोदाबाईंच्या हाताकडे होतं. रेचा असा पळू लागला की पांढरी रुई दुधासारखी पलीकडे सांडू लागली, आणि आत्या, जी मी कधी हसताना बघितली नव्हती, ती हसली. आवाज न करता, सगळे दात दाखवून.

शेठचा चेहरा लाल झाला होता. त्याने काठी उचलली. सगळ्या गावाने श्वास रोखला. आता हा काहीतरी भयंकर बोलणार, हे आम्ही ओळखलं. आणि चांदीच्या मुठीची काठी हवेत तशीच धरून अमरावतीचे बळीरामशेठ साऱ्या चिंचझरीच्या देखत ओरडले,

"गोदे, हळू फिरव वं! राती खांदा दुखते म्हणशीन, अन् मले तेल चोळत बसा लागन!"